विद्यापीठाचे ग्रंथालय आणि परप्रांतातील मराठी माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत काशी येथे दिलेले व्याख्यान)



 मी प्राध्यापक नव्हे आणि ग्रंथपालही नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या फेऱ्यांत तीन-चार प्रांतांचे पाणी प्यालो. नव्या गावी बिऱ्हाड लागले की घरची मंडळी प्रथम भाजीबाजार आणि मुलांची शाळा पाहून येतात. मी तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय पाहून येतो. ह्या छंदातून जे काही गाठीस बांधले गेले, तेच आज आपणांपुढे सोडणार आहे.

हा विषय काशीत मांडावयास एक विशेष कारण आहे. बनारस हिंदू विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये झाली आणि त्याच्या ग्रंथालयाचा प्रारंभ १९१७ मध्ये झाला, तो एका मराठी घरातून आलेल्या पुस्तकांनी. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १८९२ पासून मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार आणि मुद्राराक्षसाचे संपादक असलेला हा थोर पुरुष १८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तला. त्यांचे चिरंजीव प्रा. पी. के. तेलंग यांनी वडिलांच्या स्मरणार्थ जो संग्रह दिला, त्यावर हे ग्रंथालय उभे राहिले. आरंभी ते कमच्छा येथील सेंट्रल हिंदू कॉलेजातील तेलंग हॉलमध्ये होते, १९२१ मध्ये ते विद्यापीठाच्या आवारात आले, आणि १९४१ मध्ये आज आपण पाहतो त्या भव्य वास्तूत गेले. मालवीयजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. तेथील ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाच्या धर्तीवर आपल्या विद्यापीठात वास्तू व्हावी, ही त्यांची इच्छा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या देणगीने पुरी झाली. महाराज १९३९ मध्ये गेले. पूर्ण झालेली वास्तू त्यांनी पाहिली नाही. ज्या राजाने १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून आपल्या संस्थानात गावोगावी वाचनालये काढविली, त्याचे नाव काशीतल्या ग्रंथालयावर असावे हे अगदी यथायोग्य होय.

हा इतिहास सांगण्याचा हेतू अभिमानाने छाती फुगवावी हा नाही. तसे मेळावे आपण पुष्कळ भरवतो. हेतू इतकाच, की ज्या दारावर आपल्याच माणसाचे नाव आहे, त्या दारातून आत जाण्यास आपण संकोचतो, हे मला विचित्र वाटते. 'ते संशोधकांसाठी आहे, आपल्यासारख्यांचे तेथे काय काम?' असे पुष्कळजण मला विचारतात. संशोधन म्हणजे पीएच. डी. ही समजूत आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे, की पदवीची अपेक्षा नसलेल्या माणसालाही प्रश्न पडू शकतो हेच आपण विसरलो आहोत. आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला तर असे प्रश्न पडतात, जे पुण्याच्या पंडिताला सुचणे कठीण. दोन भाषांच्या सांध्यावर आपण राहतो. सांध्यावरच ठेच लागते, आणि भाषेच्या अभ्यासाला ठेचेसारखा दुसरा गुरू नाही.

एक उदाहरण जरा विस्ताराने देतो. 'राजीनामा' हा शब्द घ्या. आपल्या भाषेत नोकरी किंवा पद सोडण्याचा कागद म्हणजे राजीनामा. पण येथील कचेरीत वा कोर्टात हाच शब्द उच्चारा. ऐकणारा समजेल की वादी-प्रतिवादींनी आपसांत तडजोड करून तसे लिहून दिले. पद सोडण्याला येथे इस्तीफा किंवा त्यागपत्र म्हणतात. शब्द एकच, 'राजी' आणि 'नामा' या दोन ओळखीच्या अवयवांचा, म्हणजे संमतीचा कागद. मग ज्या कागदाने येथे भांडण मिटते, त्याच कागदाने आपल्याकडे नोकरी कशी सुटते?

असा प्रश्न घेऊन ग्रंथालयात गेले म्हणजे मौज सुरू होते. प्रथम कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा आणि त्याची वाढवलेली १८५७ ची दुसरी आवृत्ती. नंतर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', ज्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ ह्या काळात निघाले. हिंदीसाठी ह्याच नगरीत, नागरीप्रचारिणी सभेत, श्यामसुंदरदासांच्या देखरेखीखाली तयार होऊन १९२९ मध्ये पूर्ण झालेला 'हिंदी शब्दसागर'. कोश एकमेकांशेजारी उघडून ठेवावेत. एका कोशाने समाधान मानणे म्हणजे एकाच साक्षीदारावर निकाल देणे. मग शेजारच्या भाषांकडे पाहावे. गुजरातीत राजीनामु, कन्नडात राजीनामे, तेलुगूत राजीनामा, तमिळमध्ये राजिनामा, आणि मल्याळममध्ये तर नुसते 'राजी'. ह्या सगळ्यांत अर्थ आपलाच, पद सोडण्याचा. बंगाली मात्र हिंदीच्या बाजूला, तडजोडीच्या अर्थाकडे. म्हणजे हिंदुस्थानच्या नकाशावर एक रेषा उमटली. रेषेच्या दक्षिणेस व पश्चिमेस एक अर्थ, उत्तरेस व पूर्वेस दुसरा.

अशी रेषा निसर्गाने आखलेली नसते. बहुधा ती राज्यकारभाराने आखलेली असते. येथे भाषेच्या कपाटापासून उठून कायद्याच्या आणि महसुलाच्या कपाटाकडे जावे लागते, आणि हे एका छताखाली शक्य होते ते विद्यापीठाच्याच ग्रंथालयात. होरेस हेमन विल्सन यांचा न्याय व महसूल खात्यांतील शब्दांचा कोश १८५५ चा आहे. सरकारी नोकराने तो एकदा तरी चाळावा. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात 'राजीनामा-कबुलायत' ही जोडी प्रसिद्ध होती. जमीन सोडणारा कुळवाडी सरकारला राजीनामा देई आणि नवा घेणारा कबुलायत देई. मुंबई व मद्रास इलाख्यांत मुख्यतः रयतवारी. तेथे रयतेचा संबंध सरळ सरकारशी, म्हणून जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागदही सरकारलाच द्यावयाचा. बंगालात आणि बिहारात जमीनदारी, ह्या प्रांतात बहुतांशी महालवारी. तेथे सामान्य कुळाला सरकारदरबारी असा कागद लिहून देण्याचा प्रसंग फारसा नाही. जमीन सोडण्याच्या संमतिपत्रावरून चाकरी सोडण्याचे संमतिपत्र, ही उडी काही फार मोठी नव्हे. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तो पक्का करावयाचा तर तारीखवार जुने प्रयोग हवेत, आणि त्यासाठी गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग धुंडाळले पाहिजेत. कंपनी सरकारच्या आधीच्या कागदांत हा अर्थ रूढ असल्याचे दिसले, तर माझा तर्क ढासळेल. ढासळू द्या. तर्काला पुराव्याने पाडता येते, म्हणूनच तर ते संशोधन. एरवी त्या चहाच्या टेबलावरच्या गप्पाच.

आता ग्रंथालयात पुस्तक शोधावयाचे कसे, ह्याबद्दल दोन शब्द. बहुतेक ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत आहे. तीत मराठी भाषेचा क्रमांक ४९१.४६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. हे दोन आकडे पाठ करून ठेवा. दिल्लीपासून दिब्रुगडपर्यंत आणि परदेशातही ते आपणांस सरळ आपल्या कपाटापाशी नेतील. काही ठिकाणी डॉ. रंगनाथन यांची कोलन, म्हणजे द्विबिंदू, पद्धत आहे. तीत साहित्य 'ओ' ह्या अक्षराखाली आणि भाषाशास्त्र 'पी' खाली. हे रंगनाथन १९४५ ते १९४७ ह्या काळात बनारस हिंदू विद्यापीठाचेच ग्रंथपाल होते आणि येथील ग्रंथसंग्रह त्यांनी आपल्या पद्धतीने लावला. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळालाच पाहिजे, हा त्यांच्या पाच नियमांपैकी एक. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

परंतु भाषेचे सगळे पुस्तक ४९१.४६ मध्येच असते असे मानू नये. मराठी व्याकरणाचे पुस्तक तेथे मिळेल. पण ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड, १९०५ चा, सर्वेक्षणाच्या इतर खंडांबरोबर कोठेतरी दुसरीकडे उभा असेल. संतांचे ग्रंथ कधी साहित्यात, कधी धर्मात. लावण्या साहित्यात सापडतील, तर कधी लोकसंगीतात. म्हणून कपाटापाशी उभे राहून चाळणे चांगलेच. पण तालिका पाहिल्याखेरीज परतू नये.

तालिका आता बहुतेक ठिकाणी संगणकावर आली आहे. लाकडी खणांतली ती पिवळी कार्डे गेली, ह्याचे मला वाईट वाटते; पण संगणक घरबसल्या पाहता येतो ही सोय लहान नव्हे. अडचण निराळीच आहे. आपली पुस्तके तेथे पुष्कळदा रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि नोंदणारा मराठी असतोच असे नाही. 'ज्ञानेश्वरी' हे एक नाव घ्या. त्यातला 'ज्ञ' कोणी जे-एन असा लिहितो, कोणी मराठी उच्चाराप्रमाणे डी-एन-वाय, आणि येथील हिंदी उच्चाराने जी-वाय असाही. तिन्ही प्रकारांनी शोधावे. 'ळ' तर उत्तरेत यावयाचा अवकाश, की त्याचा 'ल' होतो. तुळपुळे येथे तुलपुले होतात. 'व' कधी व्ही, कधी डब्ल्यू. त्यात आपल्या लेखकांची टोपणनावे. केशवसुत पाहिजेत तर कृष्णाजी केशव दामले पाहा. कुसुमाग्रजांची कविता एका नावाखाली आणि नाटके शिरवाडकर ह्या दुसऱ्या नावाखाली असण्याचा संभव. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांचे काय विचारता! माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे घेऊनच जावे. माझी तर आपणांस अशी सूचना आहे की, असे विस्कळित नोंदलेले नाव आढळले की ते एका चिठ्ठीवर नीट लिहून ग्रंथपालांना द्यावे. माझा अनुभव असा, की ग्रंथपाल ह्याने रागावत नाहीत. उलट दुसऱ्या खेपेस ते आपणांस ओळखतात.

कोणते पुस्तक अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल, तर तालिकेचा उपयोग नाही. तेथे सूची लागते. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' ही ह्या बाबतीत आपली कामधेनू. १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० ह्या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती मोजदाद एका माणसाच्या चिकाटीतून झाली, ह्यावर विश्वास बसत नाही. ज्यांच्या गावी ती नाही त्यांनी मागणी करावी. कोशांची अडचण मात्र आता उरलेली नाही. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे तिन्ही संगणकावर मोफत खुले केले आहेत. पीएच. डी.चे अनेक प्रबंधही 'शोधगंगा' ह्या नावाने घरबसल्या वाचावयास मिळतात.

साहित्याच्या अभ्यासाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे फारच दुर्लक्ष होते. प्रश्न कोणताही असो, पहिला विचार 'कोणती प्रत?' हा. तुकोबांचा अभंग आपण सगळेच सांगतो. पण अभंगाचा क्रमांक सांगाल तर तो कोणत्या गाथेतला? १८६९ आणि १८७३ मध्ये विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या साहाय्याने काढलेली दोन खंडांची गाथा आणि नंतरच्या गाथा ह्यांचे क्रमांक जुळत नाहीत. अभंगांची संख्या जुळत नाही, आणि काही ठिकाणी पाठही जुळत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तर राजवाडे यांनी १९०९ मध्ये काढलेली प्रत आणि सांप्रदायिक प्रती ह्यांत शब्दाशब्दाचा फरक. एखाद्या जुन्या शब्दरूपावर आपण मोठे अनुमान उभारावे आणि ते रूप मुळी नंतरच्या शोधकाने सुधारलेले निघावे, असे पुष्कळांचे झाले आहे. म्हणून टिपण घेताना ग्रंथाचे नाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ आणि त्या ग्रंथालयातला क्रमांक ह्या पाच गोष्टी प्रथम, उतारा मागाहून. आम्हां सरकारी नोकरांना संदर्भ क्रमांकाशिवाय कागद हलविता येत नाही. ही एक सवय तरी विद्येच्या उपयोगी पडावी.

हस्तलिखितांचे क्षेत्र ह्याहून खोल. त्यात उतरावयाचे तर याद्या वाचावयास शिकले पाहिजे. ऑफ्रेख्ट नावाच्या जर्मन पंडिताने १८९१ ते १९०३ ह्या काळात संस्कृत हस्तलिखितांच्या याद्यांची यादी तीन भागांत केली. मद्रास विद्यापीठाने ते काम नव्याने हाती घेतले आणि १९४९ पासून त्याचे खंड निघत आले. कोरडे वाटते खरे. पण यादी कशी बोलू लागते ते ह्याच नगरीच्या एका गोष्टीवरून दिसेल. सतराव्या शतकात गोदातीरावरून आलेले कवींद्राचार्य सरस्वती नावाचे संन्यासी काशीत होते. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शहाजहान बादशहाकडे रदबदली करून माफ करविला, तेव्हा देशभरच्या पंडितांनी त्यांची स्तुती केली. ते स्तुतिश्लोक 'कवींद्रचंद्रोदय' ह्या नावाने पुण्याहून १९३९ मध्ये छापले गेले. त्यांचा ग्रंथसंग्रह प्रचंड होता. बर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने काशीत पोथ्यांनी भरलेले एक मोठे दालन पाहिल्याचे लिहिले आहे. ते ह्यांचेच असावे असे विद्वानांचे मत आहे. पुढे तो संग्रह फुटला. उरली ती यादी, दोन हजारांहून अधिक ग्रंथांची. ती १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. त्यानंतर निरनिराळ्या संग्रहांत, विशेषतः बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात, कवींद्राचार्यांच्या मालकीची नोंद असलेल्या पोथ्या ओळखता येऊ लागल्या. पोथीच्या पहिल्या पानावरची ती एक ओळ. पण यादी हाती नसती तर तिचा अर्थ कोणाला लागला असता?

ही जुळवाजुळव करणाऱ्यांत परशुराम कृष्ण गोडे यांचे नाव आदराने घ्यावेसे वाटते. ते पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक, म्हणजे खरे तर पोथ्यांचे रखवालदार. पण पोथ्यांच्या अखेरच्या ओळी, लेखनाच्या तिथी, मालकीच्या खुणा ह्यांवरून त्यांनी शेकडो ग्रंथांचे काळ ठरविले. काशीत त्यांच्यासारख्याला जन्मभर पुरेल एवढी सामग्री आहे. एकट्या संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या सरस्वती भवनात लाखाच्या घरात हस्तलिखिते आहेत. आपल्या नाथमहाराजांनी एकादश स्कंधावरील टीका शके १४९५ मध्ये येथेच पूर्ण केली. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर येथेच लिहीत होते. मराठी येणारा, संस्कृत थोडेफार कळणारा आणि मोडी वाचू शकणारा मनुष्य ह्या पोथ्यांपाशी बसला, तर समासांतल्या मराठी टिपा, उसनवारीच्या नोंदी आणि लेखकूंची गावे त्याला ओळखू येतील. इतरांच्या दृष्टीला ती नुसती शाई.

ज्यांना पोथ्यांची भीती वाटते त्यांच्यासाठी अलीकडच्या काळातला एक विषय सुचवितो. हिंदी वृत्तपत्रसृष्टी ज्यांनी घडविली त्यांत मराठी माणसे किती होती, ह्याची आपल्याच मुलांना कल्पना नसते. माधवराव सप्रे, ज्यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. लक्ष्मण नारायण गर्दे. आणि काशीचे बाबूराव विष्णु पराडकर. पराडकरांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहीत. त्यांच्या 'देशेर कथा' ह्या गाजलेल्या पुस्तकाचे हिंदी भाषांतर पराडकरांनीच केले. ५ सप्टेंबर १९२० रोजी येथे 'आज' हे दैनिक निघाले आणि पराडकरांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' असे शब्द हिंदीत त्यांनी रुळविले, असे जो तो सांगतो. हिंदी भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मराठीतून आलेले शब्द म्हणून 'लागू', 'चालू', 'बाजू' अशी एक ठरलेली माळ असते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरविले. पण कोणता शब्द कोणत्या दिवशीच्या अंकात प्रथम आला, तो अग्रलेखात की बातमीत, त्या आधी 'सरस्वती' मासिकात तो होता की नाही, हे अंक उलटून पाहिल्याशिवाय कसे ठरणार? ह्या कामाला मराठीचा कान हवा आणि हिंदीचा सराव हवा. पुण्यात पहिला मिळेल, येथल्या विद्यार्थ्याजवळ दुसरा असेल. दोन्ही एकत्र असलेली माणसे ह्या सभागृहात बसलेली आहेत. विशेषतः आपल्या ज्या मुली येथे हिंदीत एम. ए. करीत आहेत आणि घरी आजीशी मराठीत बोलतात, त्यांच्यासाठी हा विषय जणू राखून ठेवलेला आहे.

आता रंगनाथनांच्या त्या नियमाकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका प्रांतात होतो. तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर मराठीची चार कपाटे होती. चांगला संग्रह, कोणा मराठी प्राध्यापकाने आपल्या कारकिर्दीत जीव लावून जमविलेला. मी एका जुन्या मासिकाचा बांधीव खंड काढला, तर त्याची पाने जोडलेलीच, म्हणजे छापखान्यातून आल्यापासून कोणी कापलेलीसुद्धा नाहीत. पुस्तकांच्या पाठीमागच्या तारखेच्या कागदावर शेवटचा शिक्का तीस वर्षांपूर्वीचा. त्या शहरात तेव्हा चारशेवर मराठी कुटुंबे होती आणि गणेशोत्सवात तीन-तीन नाटके होत. दोन वर्षांनी पुन्हा कामानिमित्त गेलो, तो ती कपाटे तेथे नव्हती. जागेची टंचाई, मागणी नसलेली पुस्तके गोदामात हलविली, असे सांगण्यात आले. सांगणाऱ्याला मी दोष देत नाही. जागेचा हिशोब त्याला द्यावा लागतो, आणि त्याच्या वहीत आपल्या भाषेपुढे शून्य होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. योग्यच केले. पण परप्रांतातल्या विद्यापीठात मराठीचे नवे पुस्तक घ्यावे की नाही, हे दिल्लीच्या घोषणेवर ठरत नाही. गेल्या वर्षी किती जणांनी मराठी पुस्तक मागितले, ह्यावर ठरते. येथे तर विद्यापीठात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, ही आपली भाग्याची गोष्ट. त्या विभागातले विद्यार्थी मागतील तेवढे मागतीलच; आपण त्यात भर घातली पाहिजे.

बाहेरच्या वाचकाला प्रवेश मिळतो का, असे विचारले जाते. बहुधा मिळतो. ग्रंथपालांच्या नावे अर्ज, त्यात अभ्यासाचा विषय नेमक्या शब्दांत, सोबत कचेरीच्या प्रमुखाचे किंवा एखाद्या प्राध्यापकाचे पत्र आणि ओळखपत्र. नियम व शुल्क ठिकठिकाणी वेगळे. पुस्तक घरी मिळणार नाही, तेथेच बसून वाचावे लागेल. 'मराठी साहित्य' असा विषय लिहू नका. 'राजीनामा ह्या शब्दाचा अर्थविकास' असे लिहा, म्हणजे समोरच्याला मदत करता येते. छायाप्रती मागताना लक्षात ठेवा, की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क राहतो. सबंध पुस्तकाची प्रत मागून कर्मचाऱ्याला संकटात टाकू नये.

आणखी एक विनंती. आपल्यापैकी काही घराणी येथे पाच-सहा पिढ्या आहेत. कोणाकडे आजोबांची रुमालात बांधलेली मोडी दफ्तरे असतील, यात्रेकरूंच्या नोंदवह्या असतील, कवितांची बाडे असतील. घर बदलताना, जुना वाडा पाडताना, प्रथम तीच रद्दीत जातात. ती टाकण्यापूर्वी मंडळाला कळवावे. मोडी वाचणारे दोघे आपल्या सभासदांत आहेत. निदान कशाचा कागद आहे, कोणत्या सालाचा आहे, एवढी यादी तरी करून ठेवू. द्यावयाचे की ठेवावयाचे ते आपण ठरवावे. पण यादी होऊ द्यावी.

कार्यकारिणीच्या संमतीने मी असे ठरविले आहे, की पुढील महिन्यापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ज्यांना इच्छा असेल त्यांनी मिळून ग्रंथालयात जावयाचे. पहिल्या खेपेस दहा जणांपुरतीच परवानगी मागितली आहे. नावे चिटणीसांकडे द्यावीत. येताना प्रत्येकाने आपला एक प्रश्न कागदावर लिहून आणावा, ओळखपत्र व दोन छायाचित्रे घ्यावीत, आणि पेनाऐवजी पेन्सिल आणावी. हस्तलिखितांपाशी शाईला मनाई असते.